रोलरमागच्या घरावरची अँटेना

मी एक जुनी अँटेना आहे, मित्रांनो. ॲल्युमिनियमच्या आठ काड्यांची, त्यातली एक आता वाकडी. पण माझं नशीब बघा! माझ्या बहिणी गच्च्यांवर जन्मभर एकाच जागी उभ्या राहिल्या, मी मात्र घरासकट फिरले.

माझे मालक मंगळूदादा रस्त्याचा रोलर चालवायचे. रोलरमागे चाकांवरची पत्र्याची खोली जोडलेली असे. त्यातच त्यांचा आणि अंबूबाईंचा संसार. १९८६ च्या जानेवारीत त्यांची मुलगी सुला एन.सी.सी.तर्फे दिल्लीला गेली. सव्वीस तारखेच्या संचलनात ती चालणार होती, आणि ते टीव्हीवर दिसणार होतं! दादांनी बॅटरीवर चालणारा बारका टीव्ही पैदा केला आणि ते तडक नाशिक रोडला मोतीरामशेठच्या टीव्हीच्या दुकानात आले.

"उपग्रहावरून थेट चित्र घेती ती तबकडी द्या," कॅटलॉगवर बोट ठेवून ते म्हणाले. "पोरगी दिल्लीत हाय. उगं कमीजास्त नको."

शेठ हसले. "अहो दादा, ही तबकडी तुमच्या खोलीहून मोठी! आणि जागा बदलली की पुन्हा पहिल्यापासून नेम धरायचा. तुमचं घर तर रोज हलतं. त्यापेक्षा ही घ्या. नाशिकच्या टॉवरकडे तोंड केलं की झालं."

ही म्हणजे मी! आनंदाने माझ्या आठही काड्या थरारल्या.

रोलरच्या हादऱ्यांनी सगळं खिळखिळं होतं, हे दादांना पक्कं ठाऊक. त्यांनी माझा लोखंडी दांडा छपराला चक्क वेल्डिंग करून टाकला. त्र्यंबकच्या रस्त्यावर मी ऐटीत नाशिककडे बघत होते. पंचवीस तारखेला रोलर उलट दिशेच्या कामाला लागला. खोली फिरली, मीही फिरले. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

सव्वीसच्या सकाळी टीव्हीवर नुसत्या मुंग्या!

"अवो, अँटेना फिरवा की!" अंबूबाई रडकुंडीला आल्या.

"वेल्डिंग केलंय. फिरती कशानं?" दादांनी कपाळावर हात मारला आणि ते धावत जाऊन रोलरवर चढले. अँटेना फिरत नाही ना? मग घरच फिरवू!

शेजारच्या मोकळ्या रानात रोलर धडधडत वळू लागला. आत भांडी खणखणली. "अजून थोडं!" अंबूबाई खिडकीतून ओरडल्या. "अजून... थांबा! आलं, आलं!"

जमीन उताराची होती. ब्रेकवरचा पाय काढला की घर घसरणार आणि चित्र जाणार, म्हणून दादा रोलरवरच बसून राहिले. तेवढ्यात मुलींची तुकडी आली.

"दिसली! तिसऱ्या रांगेत! मान कशी ताठ हाय, बघा तरी!"

"तूच बघ, मला सांग," दादा म्हणाले. त्यांचे डोळे भरून वाहत होते, पाय मात्र ब्रेकवर घट्ट होता. तुकडी निघून गेली. दादांनी लेकीला पाहिलंच नाही.

मित्रांनो, मला अजून त्याची हळहळ वाटते. म्हणून एवढंच मागते: तुम्हाला चित्र स्वच्छ दिसावं म्हणून घरातलं कुणीतरी बाहेर अँटेना धरून उभं असतं. चित्र आलं की त्यालाही आत बोलवा, आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर जा.