सूचक : देवकाबाई

"ताराचंद, हे पोते कोनाच्या घरात टाकून राह्यला बाप्पा?"

देवकाबाईनं विचारलं तेव्हा ताराचंदच्या पाठीवर युरियाचं पोतं होतं, त्यामुळं त्याला मान वर करता आली नाही. तो ग्रामपंचायतीचा चपराशी. पोतं भिंतीशी टेकवून, दुपट्ट्यानं तोंड पुसून त्यानं उत्तर दिलं, पण तेही खाली पाहूनच.

"सोसायटीचे हायेत बाई. आजपासून हे गोदाम झालं. सरपंचानं सांगतलं."

ओसरीवर बालवाडीची गोपिका तीस पोरांना घेऊन उभी होती. पोरांच्या पाट्या एका कोपऱ्यात रचलेल्या, फळा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. युरियाच्या वासानं दोन-तीन पोरं खोकत होती. गोपिका म्हणाली, "काकू, मी इचारलं तं म्हनते, ठराव झाला. आता मी लेकरं कुठी बसवू?"

हिवरझरीतली ही खोली महिला मंडळाची. चौऱ्याहत्तर साली कौलं आणि छपराच्या लाकडी बल्ल्या सरकारनं दिल्या, बाकी सगळं बायकांनी केलं. नाल्यातला मुरूम डोक्यावर वाहिला, विटा वाहिल्या, भुई सारवली. सकाळी तिथं बालवाडी, दुपारी मंडळाचं शिवणाचं मशीन, लग्नसराईत वऱ्हाडाचा जानवसा. गावात दुसरी मोठी खोली म्हणजे पंचायतीचं ऑफिस, आणि तिथं बायका जात नसत. जायचं कारणच नव्हतं.

त्या दिवशी मात्र देवकाबाई गेली. पदर खोचून, पायरी चढून, थेट टेबलापाशी.

ग्रामसेवक पुंडलिकराव सभ्य माणूस. पुलगावकडचा, कागदाला पक्का. त्यानं एका शब्दानंही वाद घातला नाही. प्रोसिडिंगचं जाड रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि तिच्याकडे फिरवलं.

"ठराव क्रमांक चार, बाई. मंडळाची खोली सोसायटीला खताच्या गोदामाकरिता देण्यात यावी. सूचक, सौभाग्यवती देवकाबाई नत्थूजी डंभारे. ही तुमचीच सही न?"

सही तिचीच होती. 'दे'ची मात्रा अशी झोकदार वर काढलेली, शेवटी खाली एक रेघ. गावात तशी रेघ दुसरं कोणी काढत नव्हतं.

आता हे कसं झालं ते सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल बाई वेडी की काय. वेडी नव्हती. हिवरझरीची रीतच तशी होती. पंचायतीत सात सदस्य, त्यातल्या दोन जागा बायकांच्या. एक लीलाबाई, दुसरी देवकाबाई. पण सभेला माणसं बसायची आणि बायकांचं रजिस्टर घरी जायचं. महिन्याच्या शेवटी ताराचंद ते बगलेत मारून दारात उभा राहायचा, बाई हात पुसून यायची, तो बोट ठेवील तिथं अंगठा द्यायची, की झाली बाईची हजेरी. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट सरपंच दौलतराव म्हणायचे, आमच्या गावात बाईले चावडी चढाचं काम नाई, आमी घरपोच सभा देतो.

लीलाबाई अंगठा देई. देवकाबाईही आधी अंगठाच देत होती. पण एकोणऐंशी साली मंडळाच्या त्याच खोलीत प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला आणि अठरा बायकांत ती पहिली वाचायला शिकली. नुसती सही नाही हं, वाचायला. बोट ठेवून, ओठ हलवत, जोडाक्षराला जरा अडखळत, पण वाचायची. तिचा नवरा नत्थूजी आर्वीच्या बाजारात वांगी-मेथी विकायचा. स्वतः अंगठेबहाद्दर, पण बायकोची सही असलेलं रेशनकार्ड खिशात घेऊन फिरायचा आणि गिऱ्हाइकानं विचारलं नसलं तरी दाखवायचा.

सही आली आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. अंगठ्यापुढं साक्षीदार लिहावा लागतो, शेरा मारावा लागतो. सहीला काही नको. म्हणून पुंडलिकराव दर ठरावाला सूचक म्हणून देवकाबाईचंच नाव घालू लागले. देवकाबाईला ते मानाचं वाटलं. आणि ताराचंद दारात तिष्ठत असताना बोट ठेवून, ओठ हलवत, पान-पान वाचत बसायची तिला लाज वाटायची. चपराशी काय म्हणेल, बाईले वाचता येते म्हनते अन् सकाळची संध्याकाळ करते. त्यापेक्षा झरझर सही करायची, खाली रेघ मारायची, रजिस्टर परत. चार वर्षं तिनं असे कितीतरी ठराव मांडले. आपलेच दात अन् आपलेच ओठ, दुसऱ्याला काय बोल लावायचा?

ती तिथून दौलतरावांकडे गेली. त्यांचा सख्खा भाऊ सोसायटीचा अध्यक्ष, तेव्हा उत्तर काय मिळणार हे गावातल्या शेळीलाही ठाऊक होतं. दौलतरावांनी चहा मांडायला सांगितला.

"वहिनी, मी तं म्हनलं होतं का लेकराइची जागा हाये. पन तुमीच ठराव मांडला. बाईमानसाचा ठराव खाली कसा पाडावा?"

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चहा न घेता ती परतली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

दोन दिवसांनी ती गोपिकेला घेऊन आर्वीला पंचायत समितीत गेली. विस्तार अधिकारी तरुण होता, फायलींतून मान वर न काढणारा. पण त्यानं ऐकून घेतलं.

"बाई, तुम्ही ठराव वाचला होता?"

"नाई जी."

"वाचता येतं?"

देवकाबाई काही बोलायच्या आत त्यानं हात वर केला.

"थांबा, विचार करून सांगा. वाचता येत असेल, तर सही तुमची, ठराव तुमचा. न वाचता केली ही तुमची चूक, त्यात मी काही करू शकत नाही. सदस्य निरक्षर असेल तर गोष्ट वेगळी. मग ठराव वाचून दाखवल्याचा शेरा लागतो. तो इथं नाही. म्हणजे सूचकच नाही, म्हणजे ठराव रद्द. मी मंगळवारी गावात येतो. सगळ्यांसमोर जबाब घेईन. निरक्षर म्हणालात तर अंगठा घ्यावा लागेल, आणि पुढं रजिस्टरवरही तुमचा अंगठाच लागेल. सही चालणार नाही."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. समोर रंगानं लिहिलेलं होतं, ते तिनं सवयीनं वाचलं. खिडकीबाहेर हात काढू नये. धूम्रपान करू नये. मग डोळे मिटून घेतले.

"काकू, येक शब्द तं हाये. नाई म्हनून द्या," गोपिका म्हणाली.

"तुले येक शब्द दिसते. सतरा बायका मायासंग शिकल्या वो. त्याइले काय सांगू, देवका खोटी होती म्हनून?"

"त्याइचेच लेकरं हायेत न बालवाडीत."

 घरी गेल्यावर देवकाबाईनं नत्थूजीला सगळं सांगितलं. तो बराच वेळ मेथीच्या जुड्या बांधत राहिला. मग म्हणाला, "तुले जसं वाटन तसं कर. मी तं अंगठ्यानंच जलम काढला, काई मेलो नाई." पण रेशनकार्डाची गोष्ट त्यानं काढली नाही, आणि पुढच्या बाजारी ते खिशात घातलंही नाही. त्याला वाईट वाटलं होतं. वाटणारच.

मंगळवारी अधिकारी आला. पंचायतीचं ऑफिस भरलं. सदस्य खुर्च्यांवर, मंडळाच्या बायका दारापाशी भुईवर, नत्थूजी बाहेर कडुनिंबाखाली. पुंडलिकरावांनी आधीच सांगून टाकलं, "साहेब, बाईंना वाचता येतं. प्रौढ वर्गात पहिल्या होत्या. सारं गाव सांगेल."

"गावानं नाही, बाईंनी सांगायचं," अधिकारी म्हणाला. त्यानं रजिस्टर उघडून तिच्या हातात दिलं. "वाचा."

देवकाबाईनं रजिस्टर धरलं. चार वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या हातात असं निवांत आलं होतं. कोणी दारात तिष्ठत नव्हतं, कोणी बोट ठेवून घाई करत नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि ठराव क्रमांक चार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. 'प्रस्तुत'पाशी अडखळली, पुढं गेली. खाली आपली सही पाहिली. चांगली आली होती.

"नाई येत जी मले वाचता," ती म्हणाली.

"मग सही?"

"थे चित्रावानी काढतो. घोटून घोटून."

ती धडधडीत खोटं बोलली. दाराशी बसलेल्या सतराही बायकांना ते ठाऊक होतं आणि त्यांतल्या एकीनंही मान वर केली नाही. दौलतराव म्हणाले, "म्हंजे चार वर्सं आमी अडान्याचे ठराव पास करत होतो म्हना." एक-दोन सदस्य हसले. ताराचंदनं शाईचं पॅड आणलं. देवकाबाईनं जबाबाखाली अंगठा उठवला आणि ताराचंद तो पुसायला कागद शोधू लागला तर तिनं पदरालाच पुसला.

ठराव रद्द झाला. चार दिवसांत पोती उचलून दौलतरावांच्या स्वतःच्या गोठ्यात गेली. खोलीची भुई बायकांनी दोनदा धुतली तरी आठवडाभर वास गेला नाही. पण पोरं आत बसली, फळा सरळ झाला, आणि गोपिका पुन्हा आकडे घेऊ लागली.

जाताना अधिकाऱ्यानं मात्र लाल शाईनं एक शेरा मारून ठेवला होता : सदर सदस्या निरक्षर असल्याने यापुढे प्रत्येक ठराव त्यांना सभेत शब्दशः वाचून दाखवावा व नंतरच अंगठा घ्यावा.

सभेत म्हणजे रजिस्टर घरी जाणं बंद. देवकाबाईला दर महिन्याला चावडी चढावी लागली. तिच्यासाठी खुर्ची आणावी लागली, आणि ती एकटी कशी बसेल म्हणून लीलाबाईलाही बोलवावं लागलं. आणि पुंडलिकरावांना प्रत्येक ठराव मोठ्यानं वाचावा लागला. हे कोणाला सुचलंच नव्हतं. आजवर ठराव माणसांनीही कधी ऐकले नव्हते. तेही बापडे पुंडलिकराव बोट ठेवतील तिथं सह्याच करत होते. आता सगळ्यांच्या कानावर पडू लागलं, तेव्हा कळलं की स्मशानाकडच्या रस्त्याला मुरूम टाकायचा ठराव तीनदा झाला आहे आणि मुरूम एकदाही पडलेला नाही. सभा दहा मिनिटांवरून दीड तासावर गेल्या. दौलतराव वैतागून म्हणाले, "एका अडानी बाईपायी सात जनाइचं काम खोळंबते." देवकाबाई म्हणाली, "काय करता भाऊ, शेराच हाये तसा."

ती पुंडलिकरावांच्या समोर बसायची. रजिस्टर तिला उलटं दिसायचं. पहिले काही महिने नुसत्या मुंग्या दिसल्या. मग अक्षरं दिसू लागली. उलटं वाचायला शिकायचं म्हणजे नव्यानं शिकण्यासारखंच, पण तिला सभेत दुसरं काम नव्हतं, आणि बोट ठेवायची सोय नव्हती, ओठ हलवायची तर मुळीच नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये मंडळाच्या खोलीचा विषय परत निघाला. पुंडलिकरावांनी वाचलं, "मंडळाच्या खोलीची कौले फुटली असल्याने ती पंचायतीमार्फत बदलण्यात यावी." वाचून त्यांनी पान उलटायला घेतलं.

"थांबा जी," देवकाबाई म्हणाली. "खाली आनखी येक ओळ राह्यली."

 दौलतरावांनी पायावरचा पाय खाली घेतला.

"तुमाले कसं समजलं वहिनी?"

"शाई दिसते न भाऊ. वाचता येत नाई, पन दिसते तं."

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला आणि ती ओळ वाचली. दुरुस्तीनंतर सदर खोली सोसायटीस वापरण्यास देण्यात यावी, असं तिथं होतं. लीलाबाई म्हणाली, "हे कोनी घातलं?" सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. लाल शेऱ्याची आठवण सगळ्यांनाच होती. शेवटी दौलतराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "खोडा ते, पुंडलिकराव. कौलं तेवढी ठेवा."

ओळ खोडली गेली. राहिलेला ठराव पुंडलिकरावांनी पहिल्यापासून पुन्हा वाचला आणि ताराचंदनं पॅड पुढं सरकवलं. देवकाबाईनं अंगठा उठवला. पुंडलिकरावांनी शेजारी तिचं नाव लिहिलं, घाईत, मात्रा कशीबशी टेकवलेली. तिनं ते उलट्या बाजूनं वाचलं आणि पदर सावरून उठली.