पायऱ्यांवरचं शेवाळ

त्याने पाण्याच्या प्रेशर-गनचा घोडा दाबला आणि सगळ्यात वरच्या पायरीवरचं शेवाळ साल निघावी तसं सुटून आलं. खालून करडा दगड उघडा पडला, इतका नवाकोरा की त्याला एकट्यालाच हसू फुटलं. आठ दिवस स्वतःच्या घरामागच्या भिंतीवर सराव करून झाला होता, त्यात बायकोचे वाळत घातलेले कपडे दोनदा चिखलाने माखून झाले होते. पण तो झाला सराव. दुसऱ्याच्या घरी, ठरवून घेतलेलं असं हे पहिलंच काम.

गोदामातली नोकरी गेल्यावर त्याने हे पेट्रोलवर चालणारं जुनं प्रेशरचं यंत्र घेतलं, तेव्हा मेहुण्याने भर पाहुण्यांत विचारलं होतं, की बाबा रे, नळ तर सगळ्यांच्याच घरी असतो, मग पाणी मारायला तुला कोण बोलावणार? बायकोने मात्र यंत्राच्या टाकीवर लाल रंगाने फोन नंबर रंगवला, शेवटचे दोन आकडे जागा न पुरल्यामुळे बारीक काढले, आणि त्याच नंबरावर परवा एका बाईंचा फोन आला. गल्लीत शिरलं की उजवीकडचं चौथं घर. पायऱ्या धुवायच्या. आम्ही घरी नसू, बाहेर नळ आहे, तुम्ही तुमचं काम करून जा.

दुपारी अडीचच्या सुमाराला तो आला तेव्हा गल्ली जेवून आडवी झाली होती. घरं सगळी एका साच्यातली. प्रत्येकाला सात पायऱ्या, वर दार, दाराशेजारी एक खिडकी. आकडे कुणाच्याच दारावर धड उरले नव्हते. कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान धरून मोजलं तर चौथ्या घराच्या पायऱ्या बऱ्यापैकी साफ होत्या. दुकान सोडून मोजलं तर पुढचं घर येत होतं, आणि त्याच्या पायऱ्यांवर हिरव्या-काळ्या शेवाळाचा जाड थर बसला होता. त्याने क्षणभरही विचार केला नाही. ज्याच्या पायऱ्या अशा, तोच फोन करणार. या धंद्यात नेमकं उलटं असतं, हे त्याला पुढे कळलं. ज्याचं घर निम्मं साफ असतं, तोच उरलेल्या निम्म्यासाठी फोन करतो.

बूट जपून टाकत तो वर गेला, रीत म्हणून दार वाजवलं, कुणी आलं नाही. खाली येऊन नळ सोडला तर पाण्याला चांगली धार होती. काम वरून खाली करत यायचं असतं, म्हणजे घाण धुतलेल्यावर उतरत नाही. एक पायरी, दुसरी, तिसरी.

एका गोष्टीने मात्र तो अस्वस्थ झाला. फवारा दाराजवळून गेला की आतल्या रिकाम्या खोलीत त्याचा आवाज घुमायचा, आणि घोडा सोडला की बाहेरचा आवाज लगेच थांबायचा, आतला जरा उशिराने. कुणीतरी बोलता बोलता आपली चाहूल लागून गप्प व्हावं तसं वाटायचं. दोनदा त्याने यंत्र बंद करून कान दिला. आत काही नव्हतं. तरी तिसऱ्या पायरीनंतर त्याने दाराकडे पाठ करायचं टाळलं, आणि आपण चाळिशी उलटलेला बाप्या आहोत याची स्वतःला आठवण करून दिली.

पाच पायऱ्या झाल्या आणि कोपऱ्यावरून शिंपी धावत आला. गळ्यात टेप, हातात कात्री तशीच.

"बंद करा आधी ते. कुणी सांगितलं तुम्हाला हे घर धुवायला?"

त्याने यंत्र बंद केलं, फोन आला होता म्हणून सांगितलं, चौथं घर म्हणाला. शिंप्याने कात्रीनेच अलीकडचं घर दाखवलं. माझं दुकान म्हणजे काय घर नाही का, वरच राहतो मी, असं म्हणाला, आणि मग पाच कोऱ्या पायऱ्यांकडे बघून त्याचा चेहरा असा उतरला की प्रेशरवाल्याने हातातली गन खाली ठेवली.

शिंप्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. हे घर मावशींचं. सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणते. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा बापाशी भांडला. बापाने जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं, आई मध्ये पडली तीही बापाच्याच बाजूने, आणि पोरगा या पायऱ्या उतरताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेला, की तुम्ही दोघं या घरात आहात तोवर मी इथे पाऊल टाकणार नाही. खिशात घराची किल्ली होती, ती तशीच घेऊन गेला. ना पत्ता, ना फोन. पुढे दोन वर्षांनी बाप वारला. बापाचे दिवस होताच मावशींनी दोन लुगडी पिशवीत भरली, दार ओढून घेतलं आणि मागच्या गल्लीत धाकट्या बहिणीच्या घरी, माळ्याखालच्या खोलीत जाऊन राहिल्या. दोघांपैकी एक मेलं होतं, दुसऱ्याने घर सोडलं. आता त्याला यायला हरकत नव्हती.

"नळाचं बिल त्याच भरतात," शिंपी म्हणाला. "आल्या आल्या त्याला पाणी लागेल म्हणून."

आणि त्या रोज चार वाजता येतात. पायरीवर पाय ठेवत नाहीत. खाली उभ्या राहून शेवाळ बघतात. एवढ्या ओल्या, मऊ थरावर मांजर चाललं तरी उमटतं. मीटर बघणारा तिसऱ्या पायरीवरून परतला, पोरांचा चेंडू वर गेला, सगळं त्यांना खालूनच कळतं. सात वर्षं हेच चाललं आहे. आपण नसताना तो येऊन गेला तर कळावं, एवढ्यासाठी.

प्रेशरवाला मटकन यंत्रावरच बसला. घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.

शिंप्याने त्याच्या कानाशी लागून एक तोड काढली. त्याचं म्हणणं असं, की सामान उचला आणि काढता पाय घ्या. मी काही बघितलं नाही. म्हातारी येईल, पायऱ्या धुतलेल्या बघेल, म्हणेल पोरगा येऊन गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवेल. कुणाचं काय बिघडलं?

प्रेशरवाल्याला ते पटलं. पटल्याबरोबर त्याची त्याला भीती वाटली. उद्या ती म्हातारी गल्लीभर सांगत सुटणार, पोरगा आला होता, आला आणि न भेटता गेला. मग परत कधी येईल म्हणून अजून सात वर्षं. आणि आपण कुठेतरी दुसऱ्याची गच्ची धूत असणार. घरी बायको विचारेल, पहिलं काम कसं झालं? तिला काय सांगायचं हेही त्याला सुचेना. तो उठला, पाइप गुंडाळू लागला, निम्मा गुंडाळला, आणि पुन्हा सोडून दिला. शेवटी यंत्र, पाइप सगळं ओढत तो घराच्या बाजूच्या बोळात, नळापाशी जाऊन उभा राहिला. सांगायचं तर होतं. पण तोंड वर करून समोर उभं राहायची छाती होईना.

बरोबर चारला मावशी आल्या. उन्हातून आल्या म्हणून डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला, पाऊल जपून टाकलेलं. दहा पावलांवर असतानाच त्या थबकल्या. मग इतक्या भरभर आल्या की शिंपी रस्त्याच्या पलीकडेच दोन्ही हात पुढे करून उभा राहिला.

त्या पाच पायऱ्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्या खालच्या दोन पायऱ्यांपाशी वाकल्या. तिथे शेवाळ तसंच होतं, आणि त्यावर पुरुषाच्या बुटांचे ठसे होते, ठळक, वर जाणारे. एक पहिल्या पायरीवर, एक दुसरीवर. उतरणारेही होते, पण त्यांची नजर तिकडे गेली नाही. त्यांनी त्या ठशावर हात धरला, टेकवला नाही, नुसता वर धरला. मग मान उचलून बंद दाराकडे बघत अगदी हळू, आतल्याला झोपेतून उठवावं तशा म्हणाल्या,

"आलास?"

बोळात प्रेशरवाल्याने भिंतीला अंग चिकटवलं. दुपारभर आत जे कुणी बोलता बोलता गप्प होत होतं, ते आता उत्तर देईल असं त्याला खरोखर वाटलं. मावशी थांबल्या होत्या. दार तसंच होतं. शिंप्याने समोरून त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

तो बाहेर आला.

"मावशी, ते बूट माझे आहेत."

त्यांना आधी कळलंच नाही. त्या त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, नाक, कपाळ, कान, एकेक करून तपासत राहिल्या, आणि तो तसाच तपासू देत उभा राहिला. त्या शोधत होत्या तो आपण नाही, याची त्याला आयुष्यात कधी कशाची वाटली नव्हती एवढी लाज वाटली. मग त्याने भिंतीला हात टेकून उजवा पाय मागे दुमडला आणि घोड्याचा खूर दाखवावा तसा तळवा त्यांच्यासमोर धरला. तळाला शेवाळ लागलेलं होतं, नक्षीही तीच होती.

"घर चुकलं," तो म्हणाला. "मला शेजारचं धुवायचं होतं. चूक माझीच आहे."

मावशी खालच्या पायरीवर बसायला गेल्या, आणि सवयीने पुन्हा उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. हे त्याला जास्त जड गेलं. शिव्या खायची त्याची तयारी होती.

"तुम्ही धुवायच्या आधी," त्यांनी विचारलं, "वरच्या पायऱ्यांवर काही होतं?"

त्याने आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. वर चढताना त्याचं लक्ष आपण घसरू नये इकडे होतं. नंतर तर सगळं पाण्यात गेलं.

"मी बघितलं नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली. आज सकाळी कुणी आलं असेल किंवा नसेल, आणि ते आता जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. ते त्याला तिथे उभ्या उभ्या पुरतं उमगलं.

"परत किती दिवसांत धरेल?"

"शेवाळ?" कामाचा प्रश्न आला म्हणून त्याला जरा धीर आला. "या बाजूला ऊन नाही. तरी एवढा थर धरायला दोन वर्षं लागतील. जास्तच."

"दोन वर्षं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोटांनी पदराच्या टोकाला हळूहळू पीळ घातला, मग सोडला. "तोवर कुणी आलं गेलं तर मला कसं कळणार?"

तो पटकन बोलून गेला. इतकी साधी गोष्ट होती, कुणीही तेच म्हटलं असतं.

"घरात राहिलात तर कळेल."

बोलल्यावर त्याने जीभ चावली. समोर शिंप्याने कपाळाला हात लावला. पण शब्द बाहेर पडले होते, आणि मावशींनी ते ऐकले होते. त्यांनी दाराकडे, मग शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीच्या काचेवर सात वर्षांची धूळ होती, तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. गल्लीत कुणीतरी दुपारची झोप संपवून खिडकी उघडली, आणि पुन्हा लावून घेतली.

मग त्या पुन्हा वाकल्या. खालच्या दोन्ही पायऱ्या त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपरे धरून, नीट पाहून घेतल्या. दोनदा पाहिल्या. उठताना त्यांनी आधाराला हात पुढे केला, आणि तो त्याने धरला.

"या दोन का ठेवल्यात?" त्या म्हणाल्या. "याही धुवून टाका. मला चढताना घसरायला होईल."