कॉइलची तार

हिल्कानं काठी गाडीच्या बंपरला टेकवली, उजव्या हातातला लोकरी मोजा दातांनी ओढून काढला आणि उघड्या बॉनेटखाली वाकत म्हणाली,

"मार सेल."

टाउनोनं किल्ली फिरवली. इंजिन जोमानं गरगरलं, गरगरत राहिलं, पण धरलं नाही.

"बस्स! बॅटरी ठणठणीत आहे," हिल्काचा आवाज आला. "इंजिनाला हीटर लावला होतास ना रात्रभर?"

"लावला होता."

"तरीच इंजिन कोमट लागतंय. मग हिला धाड तरी काय भरलीय? बर्फ सरकवायच्या गाडीवर जन्म घालवलास, आणि स्वतःची गाडी चालू होईना तुला?"

टाउनो ओशाळं हसला. त्याच्या श्वासानं काचेवर आतून बर्फाची साय धरत होती, ती तो नखानं खरवडत बसला. गाडीला काय झालंय ते त्याला चांगलं ठाऊक होतं. सकाळी बायको, सिर्का, कॉफी करत असताना तो अंगणात आला होता आणि ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची जाड तार त्यानंच खोबणीतून ओढून काढली होती. रबरी टोपण पुन्हा जागेवर सरकवलं होतं. वरून बघणाऱ्याला तार बसलेलीच दिसावी.

आज त्याचा मुलगा यार्को सुटणार होता. तुरुंगातून निघून तो रोव्हानिएमी शहरात बस पकडणार आणि केमियार्वीच्या थांब्यावर उतरणार. तिथून गावापर्यंत आईबापांची गाडी हाच काय तो मार्ग. गाडीच सुरू झाली नाही तर कोण काय करणार? उणे तीस अंशांच्या खाली जुन्या गाड्या हटून बसतातच. पोरगा आजचा दिवस कुठंतरी काढेल. उद्याचं काय, याचा विचार टाउनोनं केला नव्हता. आजचा दिवस टळावा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सिर्का मात्र त्याला न विचारताच फोनकडे गेली होती. आणि तिनं बोलावलं कुणाला, तर हिल्काला.

गावात इंजिनातलं कळणारी दुसरी होतीच कोण? शाळेची बस हिल्कानं कितीतरी वर्षं चालवली होती. मग एका संध्याकाळी यार्को दारू पिऊन याच गाडीत बसला आणि वळणावर त्यानं हिल्काला, बर्फावर पायानं ढकलत न्यायच्या तिच्या स्लेजसकट, उडवलं. तेव्हापासून तिचा डावा गुडघा वाकत नव्हता आणि बस दुसराच कुणी चालवत होता. दुकानात ती दिसली की टाउनो मासेमारीच्या गळांपाशी जाऊन उभा राही. ती पैसे देऊन बाहेर पडेपर्यंत गळ न्याहाळत राही. घरात गळांचा ढीग साचला होता.

आता ती त्याच्याच अंगणात, ताठ पाय बाजूला पसरून, त्या गाडीवर ओणवी झाली होती.

हिल्कानं एक प्लग काढला, नाकाशी नेला. "पेट्रोल येतंय. ओलाचिंब आहे." मग तारेला जोडून तो इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला. "आता मार."

त्यानं सेल मारला. ठिणगी पडणार नाही हे त्याला माहीत होतं, तरी त्याचे कान लालबुंद झाले.

"करंटच नाही," हिल्का म्हणाली.

सिर्का कॉफीचा थर्मास घेऊन बाहेर आली. तिनं चर्चला जातानाचा कोट घातला होता आणि ओठांना किंचित रंग लावला होता. तो रंग पाहून टाउनोनं मान वळवली.

"होईल ना गं सुरू?" सिर्कानं विचारलं. "बसवाला उतरवून निघून जाईल. थांब्यापाशी एकच दुकान, तेही आज बंद असतं. यार्को बाहेरच उभा राहील."

हिल्काचे हात थांबले. "यार्को येतोय आज?"

"हो." सिर्कानं थर्मासचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "फोनवर मुद्दामच बोलले नाही. बोलले असते तर तू आली नसतीस."

हिल्कानं हात कोटाला पुसले. टाउनोला वाटलं, ही आता काठी उचलेल आणि चालू लागेल. जावं हिनं, असंही वाटलं. आणि ते वाटल्याची त्याला किळस आली.

"आले असते की नाही, देव जाणे," अखेर हिल्का म्हणाली. "कॉफी ओत. बोटं कामातून गेली माझी."

कॉफीचे दोन घोट घेऊन ती पुन्हा वाकली. आता ती एकेक तार मुळापासून चाचपत निघाली. टाउनो गाडीतून उतरून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. 'मी बघतो' म्हणावं, हळूच टोपण दाबावं आणि सुटावं. त्यानं हात पुढं केलाही. पण तोवर हिल्काची बोटं कॉइलवर पोहोचली होती. तिनं टोपण मागं सारलं. तारेचं टोक मोकळं बाहेर आलं. स्वच्छ, चकचकीत. ना गंज, ना बर्फ.

अशी तार आपोआप निघत नाही. आणि निघाली, तर टोपण पुन्हा जागेवर जाऊन बसत नाही.

हिल्कानं मान वर केली. टाउनो तिच्या बुटांकडे बघत होता.

"सापडलं का गं?" सिर्कानं विचारलं.

"सापडलं," हिल्का म्हणाली. "कॉइलमध्ये ओल गोठली होती. होतं असं थंडीत. तू पोरासाठी हातमोजे घेऊन ये आतून."

सिर्का आत धावली. हिल्कानं तार खोबणीत दाबली. टक् असा बारीक आवाज झाला. मग प्लग आवळता आवळता, वर न बघता, तिनं हलक्या आवाजात विचारलं,

"माझा गुडघा मोडला त्यानं, टाउनो. तुझं काय मोडलं रे?"

तिनं हात बाहेर काढताच टाउनोनं बॉनेट लावलं.  हिल्कानं मोजा चढवला, काठी घेतली आणि सिर्का बाहेर यायच्या आत ती फाटकाबाहेर पडलीही होती.

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

केमियार्वीपर्यंत सिर्काच बोलत होती.  भाजीबद्दल, पोराच्या खोलीतल्या पडद्यांबद्दल. टाउनो रस्त्याकडे बघत होता. बस केव्हाच निघून गेली होती. बंद दुकानाच्या भिंतीला पाठ लावून यार्को उभा होता. शिक्षा भोगायला गेला तेव्हा शरद ऋतू होता. तेच पातळ जाकीट अंगावर होतं. चेहरा लहान झाला होता.

सिर्कानं त्याला कवटाळलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. तिच्या खांद्यावरून यार्कोनं बापाकडे पाहिलं.

"मला वाटलंच, बाबा," तो म्हणाला. थंडीनं त्याचे ओठ नीट हलत नव्हते. "एवढ्या थंडीत सुरू होत नसेल. जुनी झाली आता."

पोरगाच बापाला वाट काढून देत होता. नुसती मान डोलावली की झालं असतं.

"गाडीला काही झालं नव्हतं," टाउनो म्हणाला.

सिर्का वळली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, हातातल्या मोज्यांकडे पाहिलं, आणि तिच्या ओठांवरचा रंग एकदम उठून दिसू लागला.  मागचं दार उघडून ती आत बसली.  यार्को बापाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसला आणि दोन्ही हात हीटरच्या झोतासमोर धरले.

जंगल सरलं, गाव आलं. दुकानासमोर ओळखीच्या गाड्या लागल्या होत्या. काचेतून आतली माणसं दिसत होती. यार्कोनं टोपी भुवयांवर ओढली आणि सीटमध्ये खाली सरकला. काही हरवलंय असं दाखवत पायांशी शोधू लागला.

टाउनोनं ते पाहिलं. त्यानं ब्लिंकर लावला आणि गाडी दुकानाच्या दारातच नेऊन उभी केली.

"दूध घ्यायचंय," तो म्हणाला. "चल रे."

"मी बसतो ना इथंच."

"चल."

"इंजिन तरी चालू राहू दे," मागून सिर्का म्हणाली.  "पुन्हा नाही सुरू झाली तर?"

टाउनोनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"होईल," तो म्हणाला, आणि यार्कोच्या बाजूचं दार उघडायला गाडीला वळसा घालून गेला.