डावा गाल, उजवा गाल

माणसाला मरण अजून चुकवता आलेलं नाही. पण म्हातारपण निदान चेहऱ्यावर उमटू द्यायचं नाही, याची किल्ली आम्हाला चीनच्या किनाऱ्यावर, चिंगदाओत सापडली होती. किल्लीला कॉड माशाचा वास येत होता, एवढंच.

मासळीच्या कारखान्यात टाकून दिलेली कातडी आणायची, धुवायची, पाचक रसात विरघळवायची. उरतात ते प्रथिनाचे बारीक तुकडे म्हणजे पेप्टाइड. ऊन आपल्या कातडीची वीण उसवतं, ती हे तुकडे सांभाळतात. उंदरांच्या पाठीवर सांभाळली होती. एकवीस वर्षं मी हेच केलं. आता माणसांवर फरक दिसला नाही तर आमचा विभाग बंद, असं वरून कळवलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. वाटेल म्हणून थोडा थांबलो, मग जेवायला गेलो.

समुद्रावर रोज पोहणाऱ्या चाळीस बायका निवडल्या. डाव्या गालाला पेप्टाइडचं मलम, उजवा कोरा, सकाळी दोन तास ऊन. बारा आठवड्यांनी प्रयोगशाळेत बोलावून ख्वांग डॉक्टरीणबाईंनी गाल मोजले. चाळीसही जणींचे दोन्ही गाल सारखे. वर दोन्ही उत्तम.

"उजवा कसा काय टिकला?" बाई म्हणाल्या. त्या दक्षिणेकडच्या, इथे नवीन. मला घेऊन सकाळीच किनाऱ्यावर निघाल्या.

बायका उन्हात ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यापासून गळ्यापर्यंत पोहण्याच्या पोशाखाच्या कापडाचा घट्ट मुखवटा. डोळे, नाक, तोंड तेवढं उघडं. कुणाचा हिरवा, कुणाचा नारिंगी. लुआनमावशींचा वाघाच्या पट्ट्यांचा.

"मावशी, उन्हात बसायचं ठरलं होतं ना?" बाई किंचाळल्या.

"बसले की! लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा बसले. विचारा या शेजारणीला."

"मुखवटा घालून?"

"मग काय उघड्या तोंडानं? काळी पडले तर तुम्ही येणार का उजळायला?"

"छत्री नाही, टोपी नाही, असं लिहून दिलंय तुम्ही!"

"दाखवा बरं, कुठाय छत्री?" नारिंगी मुखवटा म्हणाला. "उगाच शिकलेल्या माणसांनी आळ घेऊ नये."

बाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, फॉर्म कुणी केला?"

"मी."

"तुम्ही तर इथलेच! मुखवट्याचं विचारलं नाहीत?"

"परकराचंही नाही विचारलं," मी म्हणालो. आमच्याकडे मुखवटा कपड्यांतच मोडतो. माझी बायकोही रोज घालते.

बाई वाळूत बसल्या. विभाग गेला, हे त्यांना कळलं, मलाही कळलं. मी पुन्हा थोडा थांबलो. तळव्यांना वाळू गरम लागली. बाकी काही नाही.

वाघ माझ्याजवळ सरकला. "मास्तर, लई वाईट वाटतंय का हो?"

"नाही."

"मग वाका जरा. पोशाखाची पाठीवरची चेन अडकलीय, तेवढी वर ओढून द्या."