आमच्या विद्यापीठाची चौकडी

आमचे कुलगुरू स्कॉटलंडला परिषदेला गेले आणि येताना गळ्यात चौकड्यांचा लोकरी मफलर घालून चेन्नईत उतरले. मे महिन्यात. तिकडच्या विद्यापीठांची म्हणे स्वतःची अधिकृत चौकडी असते, तिला टार्टन म्हणतात. आपलीही हवी, असं त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं आणि काम माझ्यावर सोपवलं, कारण मी प्रकाश आणि रंग शिकवतो. माझे शर्टसुद्धा माझी बायको विद्युलता निवडते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.

समितीत माझ्याबरोबर तमिळ विभागाच्या हरिप्रिया होत्या. तंजावरच्या मराठी घरातल्या. बोलता बोलता त्यांची मराठी तमिळमध्ये कधी शिरते, हे त्यांना कळतही नाही. दोन रंग घेऊ, फार तर तीन, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते अगदीच कंजूष वाटलं. मी नऊ विभागांना नऊ रंग वाटून टाकले. सागरविज्ञानाला निळा, वनस्पतिशास्त्राला हिरवा. वाणिज्यवाल्यांनी सोनेरीच हवा म्हणून हट्ट धरला, तर तोही दिला. प्रत्येक रंगाच्या अर्थावर मी एकेक परिच्छेद लिहिला. तत्त्वज्ञानाच्या जांभळ्यावर दोन.

मागावरून नमुना आला तेव्हा मी तो टेबलावर पसरून भिंगातून पाहिला. एकेक धागा दागिन्यासारखा दिसत होता. कुलगुरूंनी चष्मा कपाळावर सारून कापड नाकाशी धरलं आणि ते खूश झाले. दीक्षान्त समारंभासाठी सगळ्यांना त्याच कापडाची उपरणी करायचं ठरलं.

समारंभात रंगांचा अर्थ सांगायला मला उभं केलं. कागद उघडून मी समोर पाहिलं. अख्ख्या सभागृहावर एकच रंग पसरला होता, आटलेल्या तळ्याच्या गाळाचा. बारीक धागे लांबून पाहिले की एकमेकांत मिसळतात आणि नऊ रंगांचं मिळून मातकट काहीतरी होतं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जुलैत शिकवतो. फळ्यावर आकृती काढून.

तरीही वाचायला लागलो. हा निळा आपल्या समुद्राचा, म्हटलं. पहिल्या रांगेतल्या मुलीनं स्वतःच्या उपरण्याकडे पाहिलं, मग शेजारणीच्या. हिरव्यापर्यंत आलो तेव्हा मधल्या रांगांत खसखस पिकली होती. जांभळ्याचे दोन परिच्छेद दिसले आणि माझा धीर सुटला. मी कागदाची घडी केली.

"नऊही रंग या कापडात आहेत," मी म्हणालो. "ते का दिसत नाहीत, हे मीच तुम्हाला शिकवलंय. कापड विणताना मलाच ते आठवलं नाही."

आधी हशा, आणि मग मागच्या रांगांतून टाळ्या. कुलगुरू बराच वेळ छताच्या पंख्याकडे पाहत राहिले. खाली उतरलो तर हरिप्रियाबाईंनी फक्त जेवलात का, एवढंच विचारलं. दोन रंगांची आठवण त्यांनी करून दिली असती, तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मुलं मला 'मण् सार' म्हणतात. तमिळमध्ये मण् म्हणजे माती आणि सार म्हणजे सर. पुढच्या वर्षी चौकडी बदलली, निळी आणि पांढरी. ती हरिप्रियाबाईंनी केली आणि छान दिसते. मी समितीत होतो, पण मला फक्त चहा सांगायचं काम होतं.

जुनी उपरणी मात्र वाया गेली नाहीत. वसतिगृहातल्या मुलांनी दोन-दोन जोडून त्यांच्या लुंग्या शिवल्या. मळ दिसत नाही, डाग दिसत नाही, त्यामुळे त्यांना फार मागणी आली. शेवटी मीही एक शिवून घेतली. विद्युलतेनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"घरात नेसा," ती म्हणाली. "गच्चीवर मात्र जाऊ नका. तिथे लोक लांबून पाहतात."