धारेचा दगड

भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत मोहसीनचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. काचेच्या बरण्या, गप्पी, माशांचं खाणं यावर दुकान चालतं, पण त्याचा जीव रमायचा तो मोठ्या टाक्यांत. तळाला माती, मातीत पाणवनस्पती आणि त्यांच्या मधे दगड. बघणाऱ्याला वाटायचं, कुणी डोंगराचा तुकडाच पाण्यात बुडवून ठेवलाय. रोपं आणि मासे तो पुण्याहून आणायचा. दगड मात्र स्वतः हिंडून शोधायचा. एका टाकीतले सगळे दगड एकाच ठिकाणचे, एकाच पाण्याखाली झिजलेले असले पाहिजेत, असा त्याचा हट्ट होता. वेगवेगळ्या ठिकाणचे दगड एकत्र लावले तर ते एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या माणसांसारखे दिसतात, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

गुंजवणी धरणाच्या वरच्या अंगाला शेफाली नावाच्या बाईंनी घर बांधलं होतं. पुण्यातली नोकरी सोडून त्या तिथंच राहायला आल्या होत्या. बैठकीच्या खोलीत भिंतभर टाकी करायची, असं त्यांनी मोहसीनला बोलावून सांगितलं.

"दगड इथलेच असू देत," त्या म्हणाल्या. "बाहेरून काही आणू नका."

मोहसीनला तेच हवं होतं.

मे महिन्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. मोहसीन टेम्पो जमेल तेवढा आत घेऊन गेला आणि पुढं चालत निघाला. भेगाळलेला गाळ, त्यातून वर आलेली घरांची जोती, एक काळं पडलेलं आंब्याचं खोड. धरण झालं तेव्हा इथली वस्ती उठली होती, हे त्याला माहीत होतं. त्या खोडाच्या वरच्या अंगाला, जुन्या बांधाला लागून, त्याला दगडांचा एक बुटका ढीग दिसला. अर्धा गाळात बुडालेला. शेतातले दगड वेचून लोक बांधाला टाकतात, तसलाच असेल, असं त्याला वाटलं.

सगळ्यात वरचा दगड पाहून तो खाली बसला. काळा, लांबट, आणि त्याच्या पाठीवर मधोमध एक गुळगुळीत खोलगट पन्हळ. असला दगड त्याला आजवर मिळाला नव्हता. पाण्यानं किती वर्षं घासलं असेल याला, असं म्हणत त्यानं पन्हळीवरून अंगठा फिरवला. मग खिशातली बाटली काढून ॲसिडचे थेंब टाकून बघितले. फेस आला नाही. म्हणजे दगडात चुना नव्हता, पाणी बिघडणार नव्हतं. खालचे दगडही त्याच रंगाचे, त्याच पोताचे. ढीग संपेपर्यंत तो ते टेम्पोत नेत राहिला.

घरच्या अंगणात त्यानं ब्रशनं सगळे दगड घासून धुतले आणि वाळूच्या चौकटीत मांडून बघायला लागला. पन्हळीचा दगड मुख्य. तो बरोबर मधे नाही ठेवायचा, थोडा डावीकडे, आणि पुढं झुकलेला. बाकीचे त्याच्या बाजूनं झुकते, लहान होत जाणारे. त्याची बायको तमन्ना दारात उभी राहून बघत होती.

"उजवीकडं मोकळं वाटतंय," ती म्हणाली.

"बारीक दगड कमी पडतायत."

त्यानं दोन चपटे दगड निवडले, गोणपाटात गुंडाळले आणि हातोड्यानं फोडले. त्या कपच्यांनी उजवी बाजू भरून निघाली. आठवडाभरात टाकी शेफालीबाईंच्या घरी उभी राहिली. पन्हळीत त्यानं हिरवं शेवाळ लावलं. दिवा लावल्यावर शेफालीबाई टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, "इथून उठावंसंच वाटत नाही."

त्या घरात रतनबाई कामाला होती. साठीच्या पुढची, मूळची त्याच बुडालेल्या वस्तीतली. टाकी बसवली त्या दिवसांत ती उत्रोलीला आजारी बहिणीपाशी होती. ती परत आली तेव्हा पाऊस सुरू होऊन धरणाचं पाणी चढायला लागलं होतं.

मोहसीन टाकीचं पाणी बदलायला गेला, तेव्हा रतनबाई टाकीसमोर जमिनीवर बसलेली होती. केरसुणी बाजूला पडली होती.

"भाऊ," ती म्हणाली, "ह्यो मधला दगड कुठं गावला तुमाला?"

"धरणात, मावशी. पाणी आटलेलं तवा."

"आंब्याच्या खोडाच्या वरच्या अंगाला?"

"व्हय. तुमाला कसं ठावं?"

"आमच्या अंगणातला दगड हाय त्यो. विळं घासायचा. माझ्या सासऱ्यापासनं सगळी त्याच्यावरच धार लावायची. म्हणून तर असा पोटात गेलाय."

मोहसीनला आधी आनंदच झाला. ती खूण पाण्याची नाही, माणसाच्या हातांची, हे त्याला भारी वाटलं. "मग तुमच्या घराचाच दगड की हा," तो म्हणाला.

"घराचा व्हता. मग मालकांनी उचलून पोरीवर ठिवला."

"कुठल्या पोरीवर?"

रतनबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती टाकीकडेच बघत बोलत होती, सांगायचं म्हणून नाही, तर एकेक गोष्ट पुन्हा तपासून घेतल्यासारखी.

"पयली पोरगी माझी. नुकती बसाया लागली व्हती. आखाडात ताप आला. वड्याला पूर, गाडी न्हाई, काय न्हाई. येल्ह्याला दवाखान्यात न्यायची म्हणून मालकांनी पाठीशी बांधली, पर वाटंतच गेली. एवढ्या ल्हान पोराला जाळत न्हाईत, पुरत्यात. कोल्ही उकरत्यात म्हणून वर दगड ठिवायचं. जेवढं जड असतील तेवढं. धारेचा दगड सगळ्यात जड व्हता."

मोहसीनच्या हातात पाणी ओढायची नळी होती. ती त्यानं खाली ठेवली. भोरच्या कब्रस्तानात त्याच्या आईच्या उशाशी असेच दोन काळे दगड रोवलेले होते. दर शुक्रवारी तो तिथं जायचा. पण धरणातला हा ढीग त्याला थडग्यासारखा वाटला नव्हता; तो फार बुटका होता, आणि शेताच्या कडेला होता, आणि त्याची नजर पन्हळीवर होती.

"मावशी, मला खरंच कळलं न्हाई," तो म्हणाला.

"तुमाला कसं कळंल? पाणी खाली गेलं की मी जाऊन बसते तिथं. औंदा न्हाई गेले." मग तिनं विचारलं, "त्याच्या खालचं ते चपटं दोन व्हतं, ते दिसंनात."

मोहसीननं टाकीच्या उजव्या बाजूला बोट दाखवलं. "फोडले मी. ते बारीक तुकडे त्यांचेच."

रतनबाईनं त्या तुकड्यांकडे पाहिलं. त्यांच्यामधून लाल-निळे मासे थव्यानं येत-जात होते. मग तिनं केरसुणी उचलून केर काढायला घेतला. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मोहसीन नंतर तमन्नाला म्हणाला.

त्यानं शेफालीबाईंना बोलावून सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या टाकीपासून दोन पावलं मागं सरल्या.

"म्हणजे हे थडग्यावरचे आहेत?"

"हो मॅडम. मी आजच काढतो. नवीन दगड माझ्याकडून लावून देतो."

"नवीन काही नको. सगळंच काढा. टाकीसकट न्या."

त्या वाईट नव्हत्या. रतनबाईचा हात धरून त्या रडल्यासुद्धा. पण त्या खोलीत बसवेना त्यांना, आणि रतनबाई समोर आली की तिच्याकडे बघवेना. "मावशी, थोडे दिवस घरी आराम करा," असं त्या म्हणाल्या. थोडे दिवस म्हणजे किती, ते रतनबाईनं विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्या घरी पाली गावची दुसरी बाई कामाला लागली.

मोहसीननं मासे पिशव्यांत भरले, रोपं उपटली, पाणी बाहेर सोडलं. कपच्या गोंदानं चिकटवलेल्या होत्या. त्या सोडवताना आणखी एक मधेच तुटली. सगळे तुकडे फडक्यात बांधून, दगड टेम्पोत घालून तो रतनबाईला घेऊन धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीतल्या तिच्या घरी गेला. तिचा नवरा रखमाजी ओट्यावर बसला होता. मोहसीननं सांगितलं ते त्यानं मान न हलवता ऐकलं आणि तो उठून टेम्पोच्या फळीपाशी आला. धारेच्या दगडावरची शेवाळाची एक हिरवी शेंडी त्यानं नखानं काढून टाकली.

"हितं न्हाई उतरायचं," तो म्हणाला.

"काका, मग कुठं ठेवू? तिथं तर पाणी आलंय."

"तिच्या अंगावरचं परत घरात आणत न्हाईत. कुठंबी टाका. दगडच ते."

"कुठंबी न्हाई," रतनबाई म्हणाली. ती अजून टेम्पोतच बसली होती. "पाणी उतरंस्तोवर भाऊ, तुमच्याकडं ठिवा."

वर्षभर ते दगड मोहसीनच्या अंगणात भिंतीकडेला राहिले. तमन्नानं त्यांच्यावर ताडपत्री घातली. केर काढताना ती त्यांच्या भोवतीनं काढायची, पोरांना त्यावर बसू द्यायची नाही. कुणी विचारलं तर नुसतं "ठेवायला दिलेत" म्हणायची. त्या वर्षात मोहसीननं एकही मोठी टाकी केली नाही. गिऱ्हाईक आलं की तो दगडांऐवजी लाकडाचे ओंडके लावलेली टाकी सुचवायचा. दगडाचा आग्रह धरणाऱ्याला पुण्यातल्या दुकानाचा नंबर द्यायचा. अंगणातून जाता-येता ताडपत्रीकडे त्याची नजर जायचीच. वाऱ्यानं तिचं एक टोक उडालं की तो उठून ते दाबून यायचा.

पुढच्या मे महिन्यात त्यानं रतनबाईला फोन केला. रखमाजीही यायला निघाला. पोरीला पुरल्यापासून तो तिथं एकदाही गेला नव्हता, असं रतनबाई म्हणाली.

टेम्पो गेल्या वेळेला थांबवला होता तिथंच मोहसीननं थांबवला. पण खाली उतरून बघितलं तर ओळख पटेना. आदल्या पावसात वरून खूप माती वाहून आली होती. जोती निम्मी दिसेनाशी झाली होती. आंब्याचं खोड नव्हतं. कुणी जळणाला तोडून नेलं, का गाळात आडवं झालं, ते कळायला मार्ग नव्हता. बांधाची नुसती एक उंचवट्याची रेघ राहिली होती, तीही तुटक.

रतनबाई भराभर चालत गेली आणि मधेच थांबली. मागं आली. पुन्हा पुढं गेली.

"खोड हितं असंल," ती म्हणाली. "तर मग ती हितं."

रखमाजी बऱ्याच अंतरावर उभा होता. "न्हाई. लई खाली गेलीस. वर, बांधाच्या पल्याड."

"बांधाच्या अल्याड व्हती. मी दरसाल येते."

"तू दगड बघून येत व्हतीस. खड्डा म्या काडलाय."

"मग नीट सांगा की."

रखमाजी गाळात इकडून तिकडे फिरला. काठी रोवून बघितली. एका ठिकाणी वाकून हातानं माती उकरली, पुन्हा सारखी केली. ऊन चढत गेलं तसा तो मंद होत गेला. शेवटी तो रतनबाईजवळ आला, आणि मोहसीनला त्याचा आवाज पहिल्यांदाच खालच्या पट्टीत ऐकू आला.

"पाऊस व्हता. डोळ्यांस्नी काय दिसतच नव्हतं. मला न्हाई आठवत, रतन."

मोहसीन पहिला दगड पायाशी ठेवून उभा होता. त्या जागी तो ढीग होता म्हणून ती जागा होती. तो उचलला तेव्हा जागाही उचलली गेली, हे त्याला तिथं उभं असताना कळलं. 

"मावशी, तुम्ही सांगाल तिथं ठेवतो," तो म्हणाला.

रतनबाईनं नवऱ्यानं दाखवलेली जागा आणि आपली जागा, दोन्हींकडे बघितलं. मग दोन्हींच्या मधल्या गाळाकडे हात केला. तिला ती जागा पटलेली नव्हती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मोहसीननं एकेक दगड आणला. सवयीनं त्याचा हात मोठा दगड जरा डावीकडे, झुकता लावू लागला. बाकीचे त्याच्या बाजूनं वळवायला लागला.

"तसं न्हाई," रतनबाई म्हणाली. "नुसतं ठिवा."

त्यानं नुसते ठेवले. फडक्यातल्या कपच्या तिनं स्वतः ओतल्या. मग ती म्हणाली, "तुमी जावा आता, भाऊ. आमी येतो चालत."

"लांब पडेल, मावशी. मी थांबतो रस्त्यावर."

"नगं. जावा."

तो गेला. टेम्पोपाशी जाऊन त्यानं वळून पाहिलं, तर दोघं दगडांपाशी नव्हती. रतनबाई पुन्हा बांधाच्या रेघेवर खाली-वर फिरत होती, आणि रखमाजी तिच्या मागं मागं, ती वाकेल तिथं वाकत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात धरण पुन्हा आटलं. रखमाजी भोरला आला होता तेव्हा दुकानात डोकावला. मोहसीननं त्याला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला.

"मावशी जाऊन आल्या का धरणात?" त्यानं विचारलं.

"न्हाई गेली," रखमाजी म्हणाला. "म्हनलं चल, मी येतो संगं. तर म्हणाली, आता कुठं म्हणून जाऊ."

चहा आला. रखमाजी तो बशीत ओतून प्यायला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठला.