कांद्याच्या मळ्यातलं पाणी

सुनेनं विकत आणलेला पाण्याचा जार तारवियानं अंगणात ओढत नेला आणि पपईच्या बुडाशी उपडा केला.

"प्यायचं पाणी विकत! कोंबड्यासुद्धा हसतील."

नुरलैली तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन दारात उभी होती.

"मा, इथलं पाणी मला वेगळं लागतं. आमच्याकडे डोंगरावर..."

"तुमच्याकडे झऱ्याचं पाणी आणि घरभर धूर. माहीत आहे. तुला अंगावरचं दूध पुरत नाही, डब्याचं पाजतेस. ते निदान चांगल्या पाण्यात कालव. दोनदा उकळ म्हणजे झालं."

समुद्राकाठच्या ब्रेबेस शहराजवळच्या त्या गावातली पहिली बोअर तारवियाची होती. कालव्यावर पाणी भरायला जाणाऱ्या बायका दिसल्या की ती पदर नाकाला लावी. बोअरच्या चारी बाजूंना तिचेच लाल कांद्याचे वाफे. शेजारी युरिया जपून टाकत, ती मजुरांना म्हणे, "भिकाऱ्यासारखं काय शिंपडता? ओता." वाफ्यांमधल्या चरांतल्या पाण्यावर हिरवी साय धरली, कालव्यात मासे उलटे तरंगले, तेव्हा लोक तिच्या दारी आले. "मासे खायचेत त्यांनी समुद्रावर जावं," असं सांगून तिनं त्यांना वाटेला लावलं. हज करून आल्यापासून गाव तिला बु हाजी म्हणायचं. बोअरचं पाणी ती भरू द्यायची, पण भरणाऱ्याला चार शब्द ऐकवल्याशिवाय नाही.

आठवडाभरानं बाळाचे ओठ जांभळट दिसायला लागले.

"वारा लागलाय," तारविया म्हणाली. "तेल चोळ."

दुसऱ्या दिवशी नखंही निळसर झाली. नुरलैलीनं कुणाला विचारलं नाही. बाळाला कापडात बांधलं आणि नवऱ्याला गाडी काढायला लावली. तारविया मागच्या सीटवर बसली ती दवाखाना येईपर्यंत पुटपुटत होती, "काय एकेक नाटकं!"

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती. तिनं बाळाचं रक्त काढलं. नळीतलं रक्त लाल नव्हतं, काळ्या कॉफीसारखं होतं.

"दूध कुठल्या पाण्यात कालवता?"

"आमच्या बोअरच्या," तारविया म्हणाली. "गावात त्याहून स्वच्छ पाणी नाही."

"बोअर शेताजवळ आहे?"

"शेतातच. आणि दोनदा उकळून देतो आम्ही."

"शेतातलं खत मुरून बोअरमध्ये उतरतं. उकळून जंतू मरतात. खत मरत नाही. पाणी आटतं आणि खत दाट होतं. मोठ्यांना कळतही नाही, पण एवढ्या बाळाच्या रक्ताला ते सोसत नाही."

तारवियानं डॉक्टरीणबाईच्या झिजलेल्या चपलांकडे पाहिलं. तुच्छतेनं बोलायला एरवी तिला तेवढंही पुरलं असतं. आज तिनं नजर बाळाच्या निळ्या नखांकडे वळवली.

निळं औषध बाळाच्या शिरेत गेलं. दुपारपर्यंत ओठांवर रंग आला. नुरलैली त्याला मांडीवर घेऊन बसली होती.

घरी परतल्यावर दुसऱ्या सकाळी कुस्निया बादली घेऊन आली. ती कांदे निवडायला रोजावर जाई. तिची तान्ही मुलगी दिवसभर आजीकडे, बाटलीच्या दुधावर. आत्ता ती आईच्या झोळीत होती.

तारवियानं मोटार आधीच बंद केली होती.

"आजपासून पाणी नाही."

"मोटार बिघडली का, बु हाजी?"

"माझी मर्जी."

कुस्नियानं बादली उचलली. "असू द्या. मशिदीच्या नळावर भरते. तिथं कुणाचे टोमणे तरी ऐकावे लागत नाहीत."

"ते पाणीही माझंच आहे. इथूनच जातं."

"ठाऊक आहे की. मशिदीला पाणी दिलं म्हणून दगडावर नाव कोरून घेतलंय तुम्ही. अल्लाला दिलेलंही आता परत घेणार?" कुस्निया हसली. ते हसू तारवियाच्या चांगलं ओळखीचं होतं; आजवर ती स्वतःच तसं हसत आली होती.

खिडकीत नुरलैली बाळाला थोपटत होती. तिचा हात थांबला.

झोळीतल्या मुलीनं जांभई दिली. तारविया त्या इवल्या ओठांकडे बघत राहिली. मग पायरीवरच्या चपला बाजूला सारून तिनं जागा केली.

"बस," ती करड्या आवाजात म्हणाली. "आमच्या बाळाला या पाण्यानं काय झालं ते सांगते, नीट ऐक. आणि गावभर करशील तेव्हा माझं नाव गाळू नकोस."